टाकीवरची मरीआई

तुळशीचं लग्न झालं की कुंभी गावात माणसांची लग्नं सुरू होत, आणि ती सुरू झाली की राहीबाईच्या विहिरीला वास सुटे. मागल्या साली तिनं पाला कुजला असेल म्हणून विहीर उपसून घेतली होती. यंदा सून चंद्रभागा बादलीचा दोर अर्ध्यात धरून मागं सरली.

"आत्याबाई, पाण्याले घाण येऊन राह्यली."

"पोटुशी बाईले साखरेचीबी घाण येते," राहीबाई म्हणाली. "ओढ बादली."

चंद्रभागेनं ओढली. पाय कट्ट्याला टेकवून, पोट एका अंगाला सांभाळून. पाणी दिसायला नितळ होतं. त्या पाण्यात मेथी धुतली, पालक धुतला, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या धुऊन टोपल्यात लावल्या, वर ओलं पोतं टाकलं. उरलेलं पाणी दोघींनी ओंजळीनं प्यायलं. सकाळपासून खुडत होत्या, तहान लागली होती.

मळा म्हणजे तेलंगणातल्या भैंसा गावाच्या सडकेला लागून एक चिंचोळी पट्टी. नवरा फकिरा वारल्यापासून राहीबाई आणि तिचा पोरगा मारोती तीच कसत. पट्टीच्या वरच्या अंगाला पूर्वी पडीक होतं. तिथं आता चंपतरावाचा फंक्शन हॉल उभा होता. चंपतराव मूळचा गावातला किराणावाला, सरपंच देवाजीचा साडू. मराठी असो, तेलुगू असो, आसपासच्या गावांची लग्नं त्याच्याच हॉलात लागत. शेकड्यानं माणूस जेवे आणि शेकड्यानं माणूस संडासला बसे. ते सगळं जमिनीखालच्या पक्क्या टाकीत जातं, असं चंपतराव सांगे. टाकी आतून कोणी पाहिली नव्हती. तिच्या झाकणावर देवी बसली होती.

आणि ती देवी राहीबाईनंच बसवलेली.

हॉल बांधला त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला होता, म्हणून ती टाकीच्या खोदकामावर घमेली वाहायला गेली होती. एका मजुराची कुदळ काळ्या धोंड्यावर आपटली, उसळली आणि त्याच्याच नडगीत बसली. धोंडा बाहेर काढून पाहिला तर वर गोल, खाली रुंद. बाई मांडी घालून बसावी तसा. राहीबाईनं सवयीनं बोट कपाळाला नेलं, विधवेच्या कपाळावर कुंकू कुठलं हे आठवलं, तेव्हा शेजारणीच्या कपाळाचं घेतलं आणि धोंड्याला लावलं.

"आई निघाली वं," ती म्हणाली.

आमच्याकडं असंच आहे. माणसाचं रक्त निघालं तर फडकं कोणी शोधत नाही, देव शोधतात. तो मजूर तिकडं नडगी धरून बोंबलत होता आणि इकडं नारळ फुटला. मराठी बाया म्हणाल्या मरीआई, तेलुगू बाया म्हणाल्या पोचम्मा. चंपतराव हात जोडून उभा होता, पण डोकं चालत होतं. त्यानं दुसऱ्याच दिवशी सगळ्या मजुरांना घरी पाठवलं, परगावचा मिस्त्री आणून टाकी बांधून घेतली, झाकण टाकलं, झाकणावर ओटा चढवला, ओट्यावर धोंडा मांडला.

"बाई, तुमच्या हातून आई निघाली," तो राहीबाईला म्हणाला. "पूजाबी तुमीच करा. वर्षाचं लुगडं माह्याकडून."

तेव्हापासून दर मंगळवारी राहीबाई आपल्या विहिरीचं पाणी नेऊन देवीला आंघोळ घाली. जन्मभर 'ए भाजीवाली' ऐकलेल्या बाईला लोक 'बाई, आमचं गाऱ्हाणं घाला' म्हणू लागले. कुणाच्या लेकराला गोवर निघाला की बाया दहीभात घेऊन तिच्या दारात उभ्या राहत, आणि ती हातातलं खुरपं टाकून निघे. चालताना तिची मान तेवढ्यापुरती सरळ होई.

भैंशाच्या बाजारात त्या दिवशी एका गिऱ्हाइकिणीनं मेथीची जुडी नाकाशी नेली आणि टोपल्यात परत फेकली.

"कशाच्या पाण्यात धुतली हो ही? मोरीच्या?"

शेजारी बसणारी जयवंताबाई कांदेवाली खिदळली. "अवो, तिच्या गावात काल लग्न होतं. वऱ्हाड्यायनं जाता जाता आशीर्वाद देल्ला भाजीले!"

आजूबाजूचे हसले. मग प्रत्येक गिऱ्हाईक आधी जुडी हुंगू लागलं. चंद्रभागा खाली मान घालून जुड्या सोडत होती आणि त्याच परत बांधत होती. दुपार कलली, टोपलं भरलेलंच. परतताना जीपवाल्यानं ते आत घेऊ दिलं नाही, टपावर टाकायला लावलं. चंद्रभागेला तो म्हणाला, "तुमी बसा वहिनी आत. तुमाले वास नाई."

घरी आल्यावर मारोतीनं टोपलं म्हशीपुढं उलटं केलं. म्हशीनं तोंड लावलं, फुरफुरली आणि मान फिरवली.

"मी पंचायतीत जातो," मारोती म्हणाला.

पंचायतीचा सेक्रेटरी राजेशम करीमनगरकडचा. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांनीच आमचं जास्त वाटोळं केलं आहे. तो खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता.

"सार, हॉलची टाकी झिरपते. आमच्या हिरीत येऊन राह्यली."

"टाकीचा चेकिंग झाला बाबू. दर साल होते."

"उघडून पाह्यली काय?"

राजेशमनं पेनाला टोपण लावलं. "वर देवी हाये ना."

सरकारचा नियम साधा होता. हॉल असो, लॉज असो, दवाखाना असो. ज्याची खासगी टाकी, त्यानं ती पक्की बांधावी, विहिरीपासून लांब बांधावी, भरली की उपसावी. आणि पंचायतीनं वर्षातून एकदा झाकण उघडून आत डोकवावं. एवढंच. पण नियम लिहिणाऱ्यानं देवी धरली नव्हती. देवी समोर आली की नियम चपला काढून बाहेर उभा राही.

"तुमी येत नाई तर मी भैंशाच्या बाजारात उभा राहून बोंबलतो," मारोती म्हणाला. "कुंभीत हॉलवाल्याचा गू गाव पिते म्हणून. पंचायत पाजते म्हणून."

राजेशमनं पाय खाली घेतले.

तो आला तो नेमका मंगळवारी आला. राहीबाई ओल्या हातानं देवीला हळद लावत होती, बाया गाऱ्हाण्याला जमल्या होत्या. चंपतराव पांढऱ्या धोतरात आधीच हजर.

"उघडा ना सार! माह्यी काय ना हाये?" तो मोठ्यानं म्हणाला, बायांना ऐकू जाईल असं. "फक्त देवी कोण हालवते ते सांगा. तुमी हालवता? हालवा बापा."

राजेशमनं चपला काढल्या, वाकून पाया पडला, मग सरळ होऊन राहीबाईकडं पाहिलं. "आम्मा, तुमी बसवली, तुमी हालवा. पाच मिनट. मी आत पाहतो, परत ठेवा."

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं. तुळजाबाई नावाची म्हातारी पुटपुटली, "हाललेली मरीआई गाव खाते, राही. माह्या सासूनं पाह्यलं हाये."

राहीबाईचे हात धोंड्यावर होते. गार, गुळगुळीत, हळदीनं निसरडा. उचलायला जड नव्हता. तारेच्या कुंपणापलीकडं चंद्रभागा वाफ्यात उभी होती, कमरेवर हात देऊन.

"मा, उचल," मारोती म्हणाला. "तुह्याच हातचा धोंडा हाये."

राहीबाई उठली आणि तिनं बाप्यासारख्या वाढलेल्या पोराच्या थोबाडीत मारली. हळदीची पाच बोटं त्याच्या गालावर उठली.

"धोंडा म्हणू नोको आईले!"

चंपतरावानं नारळ फोडला आणि अर्धी वाटी राजेशमच्या हातात ठेवली. राजेशम ती वाटी घेऊन गेला. टाकीची तपासणी झाली.

नाल्यापलीकडं बुद्धवाडा होता. तिथल्या बोरिंगला, म्हणजे हातपंपाला, बारा महिने पाणी. गयाबाई तिथली. तिचा पोरगा आदिलाबादला कारकून झाला तरी ती राहीबाईच्या मळ्यात निंदायला येई, घरी बसवत नाही म्हणे. दोघी एका वाफ्यात उकिडव्या बसल्या की बोलणं चाले.

"राही, पोरगीचं तोंड सुकून राह्यलं. प्याचं पाणी तरी आमच्या बोरिंगचं ने."

"पाह्यतो."

"काय पाह्यतो? हंडा घे न चाल."

राहीबाई खुरपं चालवत राहिली. गयाबाई हसली. "माह्या हातची निंदलेली मेथी चालते, माह्या बोरिंगचं पाणी नाई चालत. बरं. मंग तो धोंडा तरी मी उचलते. माह्या बापानं घरातले सारे देव गोदावरीत सोडले होते. त्याचं काई वाकडं झालं नाई. नव्वदीत मेला, दात शाबूत."

"तुहा हात लागला ना गया, तर तुमचा वाडा जाळतीन हे लोक."

गयाबाईचं हसू गेलं. "ते खरं," ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्यात सरकली.

चंद्रभागेनं हे ऐकलं होतं. एका दुपारी ती नाला ओलांडून गेली आणि बोरिंगचा हंडा डोक्यावर घेऊन आली. अंगणात उतरवून तिनं एक पेला भरला, ओठाला लावणार तोच राहीबाई आली. तिनं पेला काढून घेतला, हंडा उचलून वांग्याच्या वाफ्यात ओतला, राखेनं आतून बाहेरून घासला, आणि शुद्ध करायला आपल्या विहिरीच्या पाण्यानं खंगाळला.

चंद्रभागा बघत होती. मग तिनं विहिरीची बादली ओढली आणि त्यातलं प्यायली. दुसरं काय पिणार?

पौषात तिचं अन्न तुटलं. आधी वाटलं, पोटातल्याची मस्ती. मग गयाबाईनं तिला उन्हात उभं करून डोळ्याची पापणी खाली ओढली.

"पिवळी झाली पोरगी. दवाखान्यात ने आजच्या आज."

राहीबाईनं आधी तिला कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं तिच्या हाताला चुना चोळला, मंत्र म्हणत पाणी ओतलं, पाणी पिवळं झालं. "उतरली," तो म्हणाला. चंद्रभागेला बरं वाटलं, निदान तिनं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती वाफ्यातच आडवी झाली, तोंडाखाली पालक चेंगरला. मारोतीनं तिला उचलून सडकेवर आणलं आणि मिळेल त्या जीपनं भैंशाला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईनं बोट दाबून नख पाहिलं, पोट चाचपलं. "पाणी कुठलं पिता?"

"घरच्या हिरीचं," राहीबाई म्हणाली.

"आसपास संडासची टाकी आहे?"

राहीबाईनं मारोतीकडं पाहिलं. मारोती भिंतीकडं पाहत होता.

"पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "उशीर केलात."

चंद्रभागा शुद्धीत होती तोवर एकच बोलली. "आत्याबाई, वांग्याच्या वाफ्याले पाणी देल्लं काय? काल राह्यलं होतं." त्यानंतर ती बरळू लागली. माहेरच्या कुणाला तरी हाका मारत होती, नार्नूरकडच्या. दुपारी गेली. पोटातलं तिच्याबरोबर गेलं. मुलगा की मुलगी कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

शेवटची आंघोळ अंगणात घातली, त्याच विहिरीच्या पाण्यानं. कढत पाण्याची वाफ वर आली तशा बायांनी नाकाला पदर लावले. राहीबाईनं लावला नाही. तिनं सुनेची बोटं एकेक चोळून धुतली. नखांच्या कडेला मेथी खुडल्याचा हिरवा डाग होता. बोटं पिवळी, डाग हिरवा. डाग निघाला नाही.

तेराव्याला चंपतराव आला. ओसरीवर बसला, चहा घेतला नाही.

"राग मानू नका बाई, पण गाव बोलते म्हणून सांगतो. मारोतीनं त्या दिवशी आईले धोंडा म्हटलं. आई ऐकते. आता तुमी सुतकात होत्या, पूजाबी चुकली. येत्या मंगळवारी एक बोकड द्या, मोकळं होऊन जाईन."

मारोती उठला. राहीबाईनं हात आडवा केला. "द्या म्हंता?" ती म्हणाली. "देतो."

मंगळवार लग्नाचा होता. हॉलापुढं मांडव, भोंग्यावर तेलुगू गाणी, पंगत बसलेली, बुंदीच्या परातींवर माश्या. राहीबाई आली. तिच्याकडं बोकड नव्हता, खांद्यावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, होती. मागं मारोती.

ती ओट्यापुढं बसली. विहिरीचं पाणी तिनं आणलं नव्हतं. चंपतरावानं दिलेलं लुगडं तिनं जमिनीवर पसरलं, धोंड्याच्या खाली दोन्ही हात घातले आणि उचलला.

"चाल माय," ती म्हणाली. "तुले इथं कोणी बसवलं, गूवर? मीच बसवलं. चाल."

तुळजाबाई किंचाळली. पंगतीतले उठले. राहीबाईनं धोंडा लुगड्यात गुंडाळून बाजूला ठेवला आणि ओट्याच्या सांध्यात सब्बल घातली. मारोतीनं भार दिला. ओटा तडकला. "धरा तिले!" चंपतराव ओरडत धावला, पण तोवर झाकणाची फरशी वर आली होती, आणि जो वास बाहेर आला त्यानं धावणारा जागच्या जागी थांबला. वऱ्हाड्यांनी तोंडावर रुमाल धरले. एक जण पत्रावळीवरच ओकला.

आत पाहायला दिवा लागला नाही, ऊन सरळ पडत होतं. तळ नव्हताच, नुसती माती. तीन भिंती सिमेंटाच्या. चौथी, मळ्याच्या बाजूची, दगडावर दगड कोरडे रचलेले, मुद्दाम. टाकी कधी भरू नये, उपसायचा खर्च कधी येऊ नये. त्या फटींमधून सगळं खाली जात होतं, उताराला, विहिरीकडं.

कोणीतरी राजेशमला बोलावून आणलं. तो वाकला, बघितलं, मागं झाला.

"पाह्यलं सार?" मारोती म्हणाला. "आता मधात देवी नाई. काय दिसलं सांगा सगळ्यायले."

राजेशमनं नाक पुसलं. "चूक हाये," तो म्हणाला. "अॅक्शन होईल."

अॅक्शन झाली. सरपंच देवाजीनं पंचायत बोलावली. पंचायतीत टाकीवर जेवढं बोलणं झालं त्याच्या दहापट बोलणं देवी हालवली यावर झालं. चंपतरावाला ताकीद मिळाली की टाकी दुरुस्त करावी. त्यानं फरशी परत बसवली, तिच्यावर पहिल्याहून उंच ओटा बांधला, निझामाबादहून संगमरवरी पोचम्मा आणली आणि पगारी पुजारी ठेवला. आतली भिंत तशीच राहिली. आता तर वर छत आणि कुलूप. राहीबाईला देवीच्या पायरीला बंदी झाली. तिच्या दारात गाऱ्हाणं घेऊन कोणी येईना. राहीबाईनं काळा धोंडा विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला होता, हळद-कुंकवाविना. त्याच्यावर मारोती दोर वाळत घाली.

आणि एका सकाळी पंचायतीचा रंगारी आला, हातात लाल रंगाचा डबा आणि कुंचला. देवाजीनं पाठवला होता. त्यानं विहिरीचा कट्टा फडक्यानं पुसला आणि मोठी मोठी तेलुगू अक्षरं काढू लागला. राहीबाई वाफ्यातून उठून आली. वांगी तोडायची राहिली होती, वाळून लटकली होती. विकत घेणारं कोणी नव्हतं.

"काय लिहून राह्यला बापा?"

"ह्या विहिरीचं पाणी पिण्यालायक नाही. पंचायतीचा हुकूम."

"खरं हाये," ती म्हणाली. "अन् तिकडं? हॉलावर काय लिहिलं?"

रंगाऱ्यानं वर पाहिलं. "तिथं काय लिहू आम्मा? तिथं देवी हाये."

त्यानं शेवटचं अक्षर पुरं केलं. ऊन चढलं होतं. कुंचला डब्यात ठेवत तो सवयीनं म्हणाला, "आम्मा, जरा प्याचं पाणी देता?" आणि म्हटल्या म्हटल्या त्याची नजर आपल्याच ओल्या लाल अक्षरांवर गेली.

"बस," राहीबाई म्हणाली.

तिनं घरातून हंडा आणला. राखेनं घासलेला तोच हंडा. नाल्यात उतरली, चढून पलीकडं गेली. बुद्धवाड्यात बोरिंगपाशी बाया होत्या. गयाबाई दांड्यावर होती. राहीबाई रांगेच्या शेवटी उभी राहिली, हंडा कमरेवर, मान खाली. आपला नंबर आला तेव्हा ती हंडा हातात धरून तोटीपासून हातभर लांबच थांबली.

गयाबाईनं तिच्या हातातून हंडा घेतला आणि तोटीखाली ठेवला. दांडा हलवू लागली. खालून पाणी यायला वेळ लागला, मग धार आली आणि हंडा भरू लागला.

राहीबाईनं ओंजळ पुढं केली, भरली आणि नाकाशी नेली.

पाण्याला वास नव्हता.